‘आलास का?’ एवढंच वाक्य मिळालेल्या मुलीस

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री वाचला. तीन आठवडे रोज मेकअप करून बसतेस आणि वाट्याला येतं ते ‘आलास का?’ नाहीतर ‘दमलास का?’. कथेचा ट्रॅक दुसऱ्या पात्रांकडे वळलाय, मालिका सोडू का, असं विचारलंयस. इतक्यात सोडू नकोस. आधी हेलन वॅग्नरबद्दल ऐक.

अमेरिकेत दुपारच्या मालिकांना ‘सोप’ म्हणतात, कारण रेडिओच्या काळात त्यांचा खर्च साबणाच्या कंपन्या उचलायच्या. त्यातली ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ 2 एप्रिल 1956 ला सुरू झाली आणि तिचं पहिलंच वाक्य हेलनच्या तोंडी होतं, ‘गुड मॉर्निंग, डिअर’. सकाळी नवऱ्याला म्हणायचं, बस्स. नॅन्सी ह्यूजची ही भूमिका तिने, मधला काही काळ सोडला तर, 2010 मध्ये वयाच्या 91व्या वर्षी जाईपर्यंत केली. एकच भूमिका इतका काळ करण्याच्या तिच्या विक्रमाची गिनेसमध्ये नोंद झाली होती. इतक्या वर्षांत तिच्या वाट्याला तुझ्यासारखे किती ‘आलास का?’ आले असतील, विचार कर.

22 नोव्हेंबर 1963 चा भाग तर मी विसरूच शकत नाही. मालिका तेव्हा थेट प्रक्षेपित व्हायची, रीटेकची सोयच नव्हती. हेलन आणि सांतोस ऑर्टेगा, म्हणजे मालिकेतले आजोबा, घरातलंच बोलत होते. मुलाने घटस्फोट झालेल्या बायकोला सणाच्या जेवणाला बोलावलंय, एवढाच विषय. बोलता बोलता ते दोघे पडद्यावरून गेले आणि बातम्या देणाऱ्या वॉल्टर क्रॉन्काइटचा आवाज आला, डलासमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्यात. स्टुडिओत याचा पत्ताच नव्हता. कुणी पाहत नसताना ती दोघं त्या जेवणाबद्दल मन लावून बोलत राहिली. मला अभिनय म्हटला की तो प्रसंग आठवतो.

मी मात्र तुझ्या वयात पाठांतरावर माज करायचे. पंधरा पानं हातात पडली की तासाभरात तोंडपाठ. एकदा समोरच्या नटाने ऐनवेळी वाक्य बदललं आणि मी जुन्याच वाक्याला उत्तर दिलं, तेही डोळ्यांत पाणी आणून! टेक ओके झाला. तो नट जाता जाता हळूच म्हणाला, ‘तू माझ्याशी बोलत नव्हतीस.’ आजही तो शब्द टोचतो. मोठ्या सीनमध्ये रडणं, ओरडणं, पार्श्वसंगीत तुला सांभाळून घेतं. ‘दमलास का?’ला कुणी सांभाळून घेत नाही. तिथे तू खरंच विचारलंस की नाही, ते कॅमेऱ्याला लगेच दिसतं.

पैशाचं थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या मालिकांच्या करारांतही दर 13 आठवड्यांनी नटाला मोकळं करण्याची मुभा निर्मात्यांकडे असायची. मालिकेचा चेक कायमचा धरून हप्ते बांधू नकोस. आणि बक्षिसांवर तर मुळीच जगू नकोस. सुझन लुचीने 1970 पासून ‘ऑल माय चिल्ड्रन’ या मालिकेत एरिका केन साकारली, घराघरांत पोचली, पण डेटाइम एमी, म्हणजे दुपारच्या मालिकांचं मोठं बक्षीस, मिळालं ते 1999 मध्ये, एकोणिसाव्या नामांकनाला. आधी अठरा वेळा ती नटूनथटून सभागृहात बसली आणि दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलेलं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सेटवर पुन्हा एरिका होतीच. त्या ‘दुसऱ्या दिवसा’बद्दल मला तिचा फार आदर वाटतो.

सोडायचंच असेल तर तब्येत साथ देत नाही म्हणून सोड, वागणूक वाईट आहे म्हणून सोड. मी स्वतः तुझ्या बाजूने उभी राहीन. वाक्य लहान आहे म्हणून सोडू नकोस.

उद्या ‘आलास का?’ म्हणायच्या आधी तो दारातून आत येतो कसा, तेवढं नीट बघ. चप्पल कोणत्या पायातली आधी काढतो, खांद्यावरची बॅग कुठे ठेवतो. रात्री पॅकअप झालं की मला फोन करून सांग. मी जागी असेन.

तुझी,
ताई