सी शार्पमध्ये कलेक्शनसाठी स्वतःच्या एक्स्टेंशन मेथड लिहाव्यात का?

तुमची अडचण अशी दिसते: तोच तो लूप दहा फाइलींत लिहिलाय, त्याची एक्स्टेंशन मेथड (मूळ क्लासला हात न लावता त्याला बाहेरून जोडलेली मेथड) करायचीय, पण सहकारी म्हणतो की मग कोड कुठे चालतो तेच कळत नाही.

करा बिनधास्त. ही सोय सी शार्प 3.0 पासून, म्हणजे 2007 पासून आहे आणि लिंक (LINQ, कलेक्शनवर क्वेरी लिहिण्याची सी शार्पची सोय) अख्खं तिच्यावरच उभं आहे. आत जादू काही नाही: स्टॅटिक क्लास, त्यात स्टॅटिक मेथड, पहिल्या पॅरामीटरआधी 'धिस'. कंपायलर त्याचा साधा स्टॅटिक कॉल करतो. म्हणून तर लिस्ट नल असली तरी 'नल किंवा रिकामी आहे का' विचारणारी तुमची मेथड बिनबोभाट चालते.

फक्त लिहिण्याआधी फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे डॉट नेटच्या तयार मेथडींत, डोकवा. चंक, डिस्टिंक्टबाय, मॅक्सबाय डॉट नेट 6 मध्ये आले. माझं घरचं डिस्टिंक्टबाय होतं. अपग्रेड केलं आणि 'कॉल अँबिग्युअस', म्हणजे दोन्हींपैकी कुठली घ्यायची ते कळेना, म्हणून बिल्ड अडली. माझं पुसलं, काम झालं.

मला खरं छळलं ते यील्डने, म्हणजे मागेल तसा एकेक घटक देणाऱ्या यील्ड रिटर्नने. यादीचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडणारी मेथड लिहिली होती. पहिल्याच ओळीत तपासणी: आकार शून्य किंवा त्याखाली असेल तर एक्सेप्शन. एकदा कॉन्फिगमधून शून्य आलं. एक्सेप्शन पडलं, पण मेथड बोलावली तिथे नाही, भलत्याच क्लासमधल्या फॉरईच लूपवर. यील्ड रिटर्न असलेल्या मेथडमधली एकही ओळ कुणी पहिला घटक मागेपर्यंत चालत नाही, तपासणीचीसुद्धा! शोधण्यात दुपार गेली. आता अशा ठिकाणी दोन मेथड करतो. बाहेरची पब्लिक मेथड तपासते आणि आतल्या प्रायव्हेट मेथडला बोलावते. यील्ड फक्त आतलीत.

आयइन्यूमरेबलवर (एकेक घटक देत जाणारं कुठलंही कलेक्शन) आधी काउंट आणि मग फॉरईच लूप केलंत, तर मागे डेटाबेस क्वेरी असल्यास ती दोनदा जाते. दोनदा फिरायचंच असेल तर आधी टूलिस्टने सगळे घटक एका लिस्टमध्ये भरून घ्या.

फॉरईच नावाची मेथड मात्र मी लिहीत नाही. लिस्टला ती आधीपासून आहे, आणि क्लासची स्वतःची मेथड जुळली की कंपायलर एक्स्टेंशनकडे ढुंकूनही बघत नाही. तुम्ही तुमच्या फॉरईचमध्ये हौसेने लॉगिंग घालाल, लिस्टवर ते कधीच दिसणार नाही, आणि एररही येणार नाही.