अण्णा नाईक लोकांना एवढा का आवडला, आणि कोकणातल्या लोकांना राग कशाचा आला होता?

तुम्ही अमरावतीचे. 'रात्रीस खेळ चाले' कधी पाहिली नाही, पण अण्णा-शेवंताचे मीम्स वर्षानुवर्षं फोनवर येऊन पडतायत. म्हणून विचारताय की इतक्या नीच माणसावर लोक फिदा कसे झाले, मालिकेवरून सिंधुदुर्गात जो गदारोळ झाला त्यात तथ्य होतं का, आणि आता ती बसून बघावी का. मी कुडाळ तालुक्यातली, नोकरीमुळे ठाण्यात असते. तिन्ही पर्वं पाहिलीत, पहिली दोन तर दोनदा. या मालिकेवरून आमच्या घरात भांडणं झालीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घडलं काय ते सांगते. २२ फेब्रुवारी २०१६ ला 'झी मराठी'वर रात्री साडेदहाला मालिका सुरू झाली. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या एका जुन्या वाड्यात. गोष्टीची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मरणापासून होते. मुलगे, सुना, नातवंडं घरी जमतात आणि एकेक विपरीत गोष्टी घडायला लागतात. म्हणजे पहिल्या पर्वात अण्णाची मिळकत आहे, अण्णाची पापं आहेत, पण अण्णा नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते पर्व संपलं. मग १४ जानेवारी २०१९ ला दुसरं पर्व आलं आणि गोष्ट मागे गेली. आता अण्णा जिवंत. माधव अभ्यंकरांनी तो उभा केला, अपूर्वा नेमळेकरने शेवंता केली आणि तुमच्या फोनवरचे ते मीम्स तिथून सुरू झाले. ऑगस्ट २०२० पर्यंत हे पर्व चाललं, मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरण थांबलं तेवढाच खंड. २०२१ च्या मार्चमध्ये तिसरं आलं. त्याबद्दल शेवटी सांगते.

गदारोळ झाला तो पहिल्या पर्वाच्या अगदी सुरुवातीला. कोकणाची बदनामी होतेय, अंधश्रद्धा पसरतेय, मालिका बंद करा अशी मागणी सिंधुदुर्गातून झाली. आज ते कुणाला फुकाचं वाटेल, पण तेव्हाचे दिवस आठवा. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली होती, त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला होता. त्याला जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती.

माझे काका प्राथमिक शाळेत शिक्षक होते. करणी, भानामती असलं काही नसतं हे पोरांना समजावण्यात त्यांची उभी हयात गेली. कुणाची म्हैस आटली की शेजारणीवर संशय घेणारे लोक त्यांनी पाहिलेत आणि रात्री-अपरात्री जाऊन ती भांडणं मिटवलीत. मालिका सुरू झाली आणि ते खवळलेच. "मुंबैत आपल्या पोरांका इचारतत, तुमच्याकडे भुतां असतत काय रे?" असं म्हणून साडेदहा वाजले की टीव्ही बंद करायचे. त्यांचा राग खोटा नव्हता. ठाण्यात मलाही हा प्रश्न विचारला गेलाय. गावी जाऊन आले की ऑफिसात पहिला प्रश्न असायचा, "काय मग, दिसलं का काही?"

अडचण होती आमच्या आजीची. तिला मालिका बघायचीच होती. काकांनी रिमोट घेतला की ती म्हणायची, "बंद करू नको रे, माका बघूक दी." आठवडाभर हे चाललं आणि काका हरले. ते पडवीत जाऊन बसायला लागले, पण माजघराचं दार काही लावून घेत नसत. महिन्याभराने आजीला एखादा भाग चुकला की मागची गोष्ट तेच सांगायचे.

आता माझं मत. काकांचं एक म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. घरात काही शुभ असो, चाकरमानी परत निघालेले असोत, नवस फेडायचा असो, मानकरी नाहीतर घरातला वडीलधारा माणूस देवापुढे उभा राहतो आणि "बा देवा म्हाराजा..." करून सगळ्यांची नावं घेत, सगळ्यांना सांभाळ म्हणून मागणं मागतो. प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा!" म्हणतात. त्या आवाजात मी लहानाची मोठी झाले. माझ्या दहावीच्या निकालाला माझं नाव घेऊन आजोबांनी गाऱ्हाणं घातलं होतं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. कौल लावणं, म्हणजे देवाला विचारणं, गाव सांभाळणाऱ्या राखणदाराला नारळ ठेवणं, हेही याच मायेतलं. मालिकेने मात्र हे सगळं करणी-उतारा-लिंबूमिरचीच्या एकाच पोत्यात भरलं आणि वरून अंगावर काटा आणणारं संगीत लावलं. ज्याने कोकण पाहिलेलं नाही त्याला गाऱ्हाणं म्हणजे काहीतरी अघोरी वाटणारच. ही चूक खरी आहे आणि ती टाळता आली असती. संगीत थोडं थांबवून तो आवाज जसा आहे तसा ऐकवला असता तरी पुरे होतं.

पण मालिका अंधश्रद्धा शिकवते हे पहिल्या पर्वाला लागू होत नाही. त्यात नीलिमा आहे, नाईकांची सून, शिकलेली. प्रत्येक घटनेमागे कारण असणार आणि ते शोधलं पाहिजे, असं ठासून म्हणणारी. घरातले सगळे घाबरलेले असताना ती एकटी प्रश्न विचारत राहते. आणि शेवटी खेळ निघतो तो माणसांचाच. आठ महिने लोकांना घाबरवून अखेरीस माणसाकडे बोट दाखवायला धीर लागतो. निषेध करणाऱ्यांनी थोडं थांबून शेवट पाहिला असता तर निम्मा राग निवळला असता असं मला वाटतं. काकांचा निवळला.

भाषेबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. मालवणी महाराष्ट्रभर पोचली ती मच्छिंद्र कांबळींमुळे. गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० मध्ये आलं, पाच हजारांवर प्रयोग झाले, आमच्या बोलीला मान मिळाला. ते उपकार आम्ही विसरणार नाही. पण त्यानंतर असं झालं की मालवणी शब्द कानावर पडला रे पडला की समोरचा हसायला तयार. मी शाळेत असताना मुंबईच्या भावंडांसमोर "माका" म्हटलं तरी हसायचे. या मालिकेत माणसं मालवणीत रडली. मालवणीत भ्यायली, मालवणीत एकमेकांना फसवलं. दुसऱ्या पर्वातली वच्छी खळ्यात उभी राहून शिव्याशाप द्यायची तेव्हा कुणाला हसू आलं नाही. संवाद लिहिणारे प्रल्हाद कुडतरकर इथल्या बोलीत मुरलेले, आणि पांडूची भूमिकाही त्यांनीच केली. त्यांचं "इसारलंय" घराघरात गेलं. पण पांडू नुसता विनोदासाठी नाही. सगळं बघितलेला आणि सगळं "इसारलेला" गडी हे त्या घराचं अगदी खरं चित्र आहे. मोठ्या घरातल्या गड्याला विसरावंच लागतं. कुडाळ, मालवण, वेंगुर्ला, प्रत्येक ठिकाणी हेल वेगळा असतो आणि काही कलाकारांच्या तोंडी तो घसरतो हे आमच्या कानाला कळतं, तेवढं मी माफ करते.

आता अण्णा. तो आवडण्याचं पहिलं कारण सरळ आहे, अभ्यंकरांनी तो तसा केलाय. रोखून बघणं, बोलण्याआधीचा तो थांबा, दबक्या आवाजातली "शेवंता" अशी हाक. ओरडणारे खलनायक मराठी मालिकांत पुष्कळ झाले. हा माणूस आवाज खाली नेतो आणि समोरचा गारठतो. दुसरं कारण लेखनात आहे. पहिलं पर्व पाहिलेल्याला अण्णाचं मरण आधीच ठाऊक असतं. त्यामुळे तो काहीही करो, मनात असतं की याचा घडा भरणार आहे, मग बघायला भीती उरत नाही. त्याच्या माजाकडेही माणूस जरा सैल होऊन बघतो.

तिसरं कारण मला टोचतं. अण्णा लोकांना आवडला तो तुकड्यांतून. अर्ध्या मिनिटाच्या क्लिपा फिरल्या, त्यात अण्णा शेवंताकडे बघतोय, शेवंता पदर सावरतेय, खाली काहीतरी चावट ओळ. त्याच भागात पुढे माई असते, अण्णाची बायको. चुलीपुढे बसलेली, नवरा कुठून आला ते ओळखून काहीही न विचारता ताट वाढणारी, पदराने घाम पुसतेय की डोळे ते कळू न देणारी. क्लिप तिच्याआधीच कापलेली असते. ज्यांनी मालिका पाहिली त्यांना अण्णा भयंकर वाटला, ज्यांनी मीम पाहिले त्यांना तो रंगेल वाटला. तुम्हाला पडलेल्या कोड्याचं उत्तर मला तरी इथेच सापडतं. फिदा झालेल्यांतले कितीतरी लोक तुमच्यासारखेच, मालिका न पाहिलेले.

शकुंतला नरे यांनी माई जशी केलीय तशी बाई मी प्रत्यक्षात पाहिलेली आहे, एक नव्हे, चार-पाच. आजी तर टीव्हीशी बोलायची. एकदा मी तिला चिडवलं, "आजी, भुतांका भिना नाय तू?" तर म्हणाली, "भूत बघूक नाय बसलंय मी. माई काय करता ता बघूक बसलंय." आणि एकदा अण्णाच्या कुठल्याशा प्रसंगाला आम्ही भावंडं हसलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "असले अण्णा आमच्या वाडयेत दोन होते. त्यांका बघून कोण हसूक नाय." मग तिने दोन घरांची नावं घेतली. त्यातल्या एका घरची म्हातारी आजीची मैत्रीण होती. तिला माझ्या आजीने तोंड लपवून भात कांडताना पाहिलं होतं, कारण गालावर वळ होते. ही गोष्ट आजीने त्याआधी कधी कुणाला सांगितली नव्हती. टीव्हीतली माई समोर होती म्हणून सांगता आली.

म्हणून मला २०१६ चा निषेध आठवतो तेव्हा एक प्रश्न पडतो. भुतांमुळे कोकणाची बदनामी होते म्हणून लोक उठले. पण एक सावकारी वृत्तीचा माणूस दुसऱ्याची जमीन गिळतो, शेवंताला, म्हणजे पाटणकरांच्या बायकोला, नादी लावतो, घरच्या बाईला पायपुसणं करतो, आणि राज्यभर लोक त्याला 'आपला अण्णा' म्हणायला लागतात, तेव्हा कुणी निवेदन दिलेलं मला तरी आठवत नाही. माझी हरकत असलीच तर तिथे आहे, आणि ती मालिकेवर कमी, आपल्यावर जास्त. लेखकांनी माई लिहिली होती, पण आपण शेअर करताना ती कापून टाकली.

शेवंतावरही असाच अन्याय झाला. तिचं खरं नाव कुमुदिनी. तिला त्या वाड्यात मान हवा होता, गळ्यात मंगळसूत्र हवं होतं. अण्णाने वचनं देऊन तिला झुलवत ठेवलं. तिच्यात लोभ आहे, खोटेपणाही आहे, पण ती त्या माणसाच्या तावडीत सापडलेली बाई आहे आणि अपूर्वाने ते डोळ्यांतून दाखवलंय. मीममध्ये ती फक्त पदर म्हणून उरली.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही भावंडं आकेरीला वाडा बघायला गेलो होतो. चिऱ्याच्या गडग्यापर्यंत गाड्या लागलेल्या, फोटोसाठी गर्दी. कितीतरी बापे घशातून आवाज काढून "शेवंता..." अशी हाक मारून व्हिडिओ करत होते. मीही हसले, खोटं का सांगू. घरी आल्यावर आजीला फोटो दाखवले. ती एकेक करून बघत होती, मग विचारलं, "माईची चूल खय? ता काढलंस नाय?" आम्ही चूल बघायचा विचारसुद्धा केला नव्हता.

तर बघावी का? पहिलं पर्व जरूर बघा, आणि तेच आधी. दुसऱ्यापासून सुरुवात केलीत तर अण्णाच्या मरणाची सावली तुमच्या डोक्यावर राहणार नाही आणि अर्धी गंमत जाईल. सुरुवातीचे काही भाग बोली कळायला जड जातील. 'खय' म्हणजे कुठे, 'कित्याक' म्हणजे कशाला, 'घोव' म्हणजे नवरा, एवढ्यावर आठवड्याभरात कान बसतो. दुसरं पर्व मधेमधे ताणलंय, तिथे कंटाळलात तर पुढे सरका, पण माई आणि पांडूचे प्रसंग सोडू नका. तिसऱ्यात भुतं उघडपणे खरीच आहेत, नीलिमाचा प्रश्न कुणी विचारत नाही, मध्येच शेवंताही बदलली. काकांचा २०१६ चा आक्षेप या पर्वाला मात्र तंतोतंत लागू होतो, आणि त्यांनी ते दोन आठवड्यांत सोडलं. मी शेवटपर्यंत बघितलं, तुम्ही नाही बघितलंत तरी चालेल.