हात लागू दे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू दुकानातून उठलास तेव्हा तुझा चेहरा उतरला होता. गंगापूर रोडच्या त्या बंगल्यात काचेच्या कपाटात सहा लायका कॅमेरे पाहून आला होतास, त्यातले दोन सीलबंद. वर्षात एक फोटो न काढणारा माणूस त्यात एवढा पैसा का घालतो, हे तुला कळेना. ते ठीक. पण पायऱ्या उतरताना म्हणालास, "काका, मीही तसला एक हप्त्यांवर घेऊ का? किंमत वाढतच जाते त्याची." त्या रात्री मला झोप लागली नाही.

आधी त्या गृहस्थांना वेडं ठरवू नकोस. त्यांचा जीव त्या कॅमेऱ्यावर कोरलेल्या नंबरात आहे. जगात शंभर-सव्वाशेच नग, आणि त्यातला एक आपल्या घरी. श्रीमंत माणूस महाग वस्तू घेतो ती आपली ऐपत चारचौघांना दिसावी म्हणून, हे व्हेब्लेन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच लिहून ठेवलं आहे. तीच वस्तू उद्या स्वस्तात मिळायला लागली तर त्या कपाटात तिला जागा उरणार नाही. शिवाय काही जणांनी पोरवयात दुकानाच्या काचेला नाक लावून कॅमेरे पाहिलेले असतात. पैसा आला की ते त्या पोराची हौस पुरवतात. त्यात मला काही वावगं वाटत नाही.

पण एक नीट बघ. २०२२ च्या जूनमध्ये जर्मनीतल्या वेट्झलरच्या लिलावात एक लायका १ कोटी ४४ लाख युरोला गेला. तो कोणता? १०५ नंबरचा, ज्याने लायका घडवला त्या ओस्कार बारनाकचा स्वतःचा. व्ह्यूफाइंडरवर त्याचं नाव कोरलेलं. हा माणूस त्याच कॅमेऱ्याने घरच्यांचे फोटो काढायचा आणि त्यातल्या उणिवा शोधून पुढचा कॅमेरा सुधारायचा. म्हणजे एवढी रक्कम मोजली गेली ती वापरलेल्या वस्तूला! २०१५ मध्ये त्याच कंपनीने गायक लेनी क्रॅविट्झच्या नावाने १२५ संच काढले. नव्या कॅमेऱ्याचा काळा रंग कामगारांनी हाताने घासून खालचं पितळ उघडं पाडलं, वर्षानुवर्षं वापरल्यासारखं दिसावं म्हणून. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. हाताच्या खुणांना केवढी किंमत आहे, आणि तू फुकट मिळणाऱ्या त्या खुणा सोडून सीलबंद खोका घ्यायला निघालास!

वस्तूला हात लागला पाहिजे. नाशिकजवळच्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. त्या दुसऱ्या ठशामुळेच नहपानाला कोणी हरवलं हे ती नाणी आज सांगतात. कधी अंजनेरीच्या नाणे संशोधन संस्थेत जा आणि दुहेरी ठशाचं एखादं नाणं डोळे भरून बघ.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्याकडे रोलिफ्लेक्स कॅमेरा होता. धंदा सोडणाऱ्या एका वडीलधाऱ्या फोटोग्राफरकडून घेतला होता, तीन वर्षं पैसे साठवून. लग्नांना दुसरा, याशिका कॅमेरा न्यायचो आणि रोलि जपायचो. चांगल्या कामाला काढू, कुंभ आला की काढू, असं म्हणत अकरा वर्षं तो चामड्याच्या केसमध्ये कपाटात राहिला. आपल्याकडचा पावसाळा तुला माहीत आहे. चामडं दमट हवा धरून ठेवतं. एका दिवाळीत उघडला तर लेन्समध्ये बुरशीची जाळी पसरलेली, शटरचं तेल घट्ट होऊन हळू वेग अडकलेले. बुरशीने लेन्सवरचं कोटिंग खाल्लं होतं, ते कोणीही भरून देऊ शकलं नाही. याशिका मात्र हळदीचे डाग मिरवत अजून चालतो. दोघांत फरक एवढाच की एकाला रोज हात लागला. मला माणसं म्हणायची, तुला वस्तूची कदर आहे. नव्हती रे. मी भ्यायलो होतो. पैसे मात्र वाया गेले असं मी आजही मानत नाही. तेव्हा दुसरं कोणतं शहाणपण मला सुचलं असतं?

तू म्हणशील, फाळक्यांनीही कर्ज काढलंच की. काढलं. त्र्यंबकच्या त्या माणसाने विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. आणल्यावर काय केलं, ते विचार. कुंडीत वाटाणा पेरला, त्याची वाढ थोडी थोडी टिपली, तीच फिल्म दाखवून भांडवल उभं केलं, आणि मे १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर होता. असं कर्ज काढणार असशील तर मी जामीन राहतो. पण ज्याचं सील फोडायला तुझाच हात धजणार नाही, त्याच्यासाठी मी सही करणार नाही, पुन्हा विचारू नकोस. किंमत वाढेल म्हणतोस. वाढेल किंवा पडेल. बंगल्यातल्या गृहस्थांना थांबता येतं. तुझा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येईल.

तुझ्या जुन्या कॅमेऱ्याची ग्रिप उलली आहे, ती मी चिकटवून ठेवतो. उद्या घेऊन ये. आणि शनिवारी पहाटे साडेपाचला रामकुंडावर भेट. मी याशिका आणतोय, दोन रोल आहेत, एक तुझा.

तुझा,
काका