पोच घेतलीस का?

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

रविवारी मॉलच्या पायऱ्यांवर बसलेली तू अजून डोळ्यांसमोरून जात नाहीस. मॅनेजर म्हणाला, "आम्ही फक्त जागा भाड्याने देतो." दुकानातला मुलगा म्हणाला, "माल हेड ऑफिसकडून येतो." आणि तू मला विचारलंस, काकू, मग बोलायचं तरी कुणाशी? अगं, दोघंही खरंच बोलत होते. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. दुकानातली फर, म्हणजे प्राण्यांची केसाळ कातडी, विकू नका असं निवेदन दिलंस, पण पोच घेतलीस का?

फरसाठी पाळल्या जाणाऱ्या मिंकला, त्या मुंगसासारख्या लहान प्राण्याला, तारेच्या पिंजऱ्यात कसं ठेवतात, गॅसने कसं मारतात, ते तुला ठाऊक आहे. म्हणून तर तू या कामात आलीस. त्यावर मी काही लिहीत नाही.

बारा वर्षांपूर्वी इथल्या, पुण्याच्या, कॅम्पातल्या एका मोठ्या दुकानाच्या मॅनेजरने आम्हाला चहा पाजला. फरची जाकिटं महिनाअखेरीला काढतो म्हणाला. आम्ही आनंदाने पेढे वाटले. पुढच्या डिसेंबरात काचेमागे तीच जाकिटं, आणि मॅनेजर बदली होऊन गेलेला. नवा माणूस शांतपणे म्हणाला, "कुणी कबूल केलं होतं? दाखवा." माझ्याकडे दाखवायला चिटोरंही नव्हतं. त्या हिवाळ्यात गुलमर्ग-मनालीला निघालेल्या किती घरांत ती जाकिटं गेली असतील, हा हिशेब मला अजून झोपू देत नाही.

तेव्हापासून मी पोच घेतल्याशिवाय उठत नाही. शिक्का, सही, तारीख. दोन तास बसवलं तरी बसते. गटातली मुलं म्हणतात, काकू कारकुनी करतात, घोषणा देत नाहीत. लक्ष्मी रोडवर भर उन्हात मीही फलक धरलेत. लोक थांबले, हळहळले आणि पुढे गेले. कागद मात्र फायलीत राहतो, नव्या मॅनेजरलाही तो वाचावा लागतो. मी चुकत नव्हते आणि आजही चुकत नाही. जगभर 'फर फ्री रिटेलर' म्हणून ज्या दुकानांची यादी होते, त्यांनाही फर विकणार नाही हे लेखीच द्यावं लागतं. तिथे चहावरचा शब्द चालत नाही.

आता तुझा प्रश्न. मॉलला पत्र लिहायचं ते कराराबद्दल: गाळ्याचा करार नवा करताना 'इथे खरी फर विकणार नाही' एवढी एक अट घाला. ब्रँडच्या हेड ऑफिसला वेगळं पत्र, रजिस्टर्ड पोस्टाने, आणि तेही उन्हाळ्यात. थंडीचा माल कित्येक महिने आधी ठरतो, डिसेंबरात जाऊन ओरडणं म्हणजे वरातीमागून घोडं.

आणि लिहिण्याआधी हात लावून बघ, लेबलवर जाऊ नकोस. खरी फर कृत्रिम म्हणून विकल्याचं परदेशात उघडकीला आलेलं आहे. केस फुंकरीने बाजूला कर. बुडाशी कातडं दिसलं तर खरी, विणलेलं कापड दिसलं तर कृत्रिम. शंका राहिली तर एक नग विकत घे, घरी दोन-चार केस जाळ. खऱ्याला केस जळल्याचा वास येतो, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याची गोळी होते.

"बंदी असलेला माल विकता" असं कुणाच्याही तोंडावर फेकू नकोस. मिंक, कोल्हा आणि चिंचिला (मऊ केसांचा उंदरासारखा प्राणी) यांच्या कातड्यांच्या आयातीवर केंद्राने जानेवारी २०१७ मध्ये बंदी घातली, पण ससा त्या यादीत नाही. कॉलर सशाची निघाली तर तू खोटी पडशील, आणि पुढच्या वेळी दारातूनच परत पाठवतील.

"आधी तुमच्या चामड्याच्या चपला बघा," असंही दुकानातल्या मुलाने तुला सुनावलं म्हणे. मी रबरी घालते, तूही घालतेस. त्यात वेळ घालवू नकोस.

एकटी पडले असं मात्र मनात आणू नकोस. प्राण्यांसाठी झटणाऱ्या 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' या संस्थेचं भारतातलं काम १९७४ साली सुरू झालं, त्यांचं कार्यालय इथेच वानवडीला आहे. एकदा जाऊन ये. दमलीस तर माझ्याकडे जेवायला ये, पिठलं-भात करते.

सोमवारी दुपारी चारला मॉलच्या ऑफिसात आपण दोघी जाऊ. निवेदनाच्या दोन प्रती काढून आण, एक त्यांना, एकीवर शिक्का आपल्याला. तिथला माणूस "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणेल. आपण बसून राहू.

तुझी,
काकू