वाचकांचे प्रश्न : विकिडेटाच्या क्वेरी सेवेतील बदल

प्रश्न : काही संशोधकांच्या सर्व लेखनाची यादी विकिडेटा या मुक्त माहितीसंचावरून काढणारी एक क्वेरी (माहिती मागणारा, संगणकाच्या भाषेतील प्रश्न) मी पूर्वी लिहून ठेवली होती. ती आजही विनातक्रार चालते. मात्र यादीत पुस्तके येतात आणि शोधनिबंध जवळजवळ येतच नाहीत. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : आपल्या क्वेरीत चूक नाही, ती ज्या डेटावर चालत होती, तो आता दोन ठिकाणी विभागलेला आहे. २०१५ मध्ये ही क्वेरी सेवा सुरू झाली तेव्हापासून विकिडेटाचा संपूर्ण आलेख, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या नोंदींचे जाळे, एकाच एंडपॉइंटवर (क्वेरी जेथे पाठवतात त्या वेबपत्त्यावर) उपलब्ध होता आणि स्पार्कल या क्वेरी लिहिण्याच्या भाषेत लिहिलेली कोणतीही क्वेरी त्या सगळ्यावर चालत असे. मे २०२५ पासून नेहमीच्या एंडपॉइंटवर शोधनिबंधांच्या नोंदी नाहीत. त्यांच्यासाठी स्वतंत्र एंडपॉइंट आहे. संपूर्ण आलेखातील सुमारे निम्मी विधाने (नोंदींवरील माहितीचे एकेक तुकडे) एकट्या शोधनिबंधांची होती, आणि ही सेवा ज्या ब्लेझग्राफ या डेटाबेसवर चालते, त्यात प्रत्येक सर्व्हरला सगळा आलेख स्वतःच्या पोटात ठेवावा लागतो. त्यातच ब्लेझग्राफचा विकास बऱ्याच वर्षांपूर्वी थांबला, त्यामुळे वाढत्या डेटाचा भार कमी करण्यासाठी विभाजनाचा मार्ग निवडला गेला.

या बदलात मला सर्वांत धोकादायक वाटते ती त्याची शांतता. क्वेरी व्याकरणदृष्ट्या बरोबर असल्यामुळे सेवा कोणतीही त्रुटी दाखवत नाही. जे सापडते ते परत करते आणि अपुरी यादी पूर्ण असल्यासारखी समोर येते. ज्या प्रोग्रॅममध्ये अशा क्वेरी आपोआप चालतात, तेथे जुन्या निकालातील ओळींची संख्या नव्या निकालाशी एकदा तरी ताडून पाहावी. जुन्या अखंड आलेखाचा एंडपॉइंट केवळ संक्रमणकाळापुरता दिलेला होता, म्हणून त्याच्या भरवशावर क्वेरी तशीच ठेवून देणे योग्य नव्हे.

प्रश्न : लेखकाची माहिती एका ठिकाणी आणि त्याचे शोधनिबंध दुसऱ्या ठिकाणी असतील, तर दोन्ही एकाच क्वेरीत कसे आणायचे?

उत्तर : त्यासाठी स्पार्कलमध्येच सोय आहे. क्वेरीतील एखादा भाग ‘सर्व्हिस’ या शब्दाने सुरू होणाऱ्या कंसात लिहिला की तो भाग दुसऱ्या एंडपॉइंटकडे पाठवला जातो आणि तेथून आलेले निकाल मूळ क्वेरीतील निकालांशी जोडले जातात. व्यक्तींच्या नोंदी मुख्य आलेखातच आहेत, तर ‘या निबंधाचा लेखक अमुक’ हे विधान निबंधाच्या नोंदीवर असल्यामुळे ते निबंधांच्या आलेखात सापडते. आपल्याला पाच लेखकांचे निबंध हवे असतील, तर ते पाच लेखक आधी निश्चित करून मगच निबंधांचा भाग पलीकडे पाठवावा. याउलट ‘सर्व निबंध आणा आणि त्यांतून माझे लेखक निवडा’ अशा अर्थाची मांडणी झाली, तर लाखो ओळी इकडून तिकडे नेण्यातच वेळ संपेल. एका क्वेरीला ६० सेकंदांची मर्यादा आहे आणि ती पूर्वीइतकीच कठोर आहे. खरे सांगायचे तर अनेकदा दोन साध्या क्वेरी स्वतंत्रपणे चालवून निकाल आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडणे अधिक सोपे जाते. एकाच क्वेरीत सगळे बसवण्याचा हट्ट धरण्याचे कारण नाही.

प्रश्न : निकालात व्यक्तींच्या नावांऐवजी ‘क्यू’ने सुरू होणारे क्रमांक दिसतात. ब्राउझरमध्ये तीच क्वेरी नावे दाखवते, प्रोग्रॅममधून मात्र नाही.

उत्तर : हे क्रमांक म्हणजे विकिडेटातील नोंदींचे ओळख क्रमांक; नोंदीचे त्या भाषेतील नाव, म्हणजे लेबल, मिळाले नाही की ते दिसतात. येथे दोन कारणे एकत्र आलेली असू शकतात. संकेतस्थळावरील नमुना क्वेरींमध्ये भाषेच्या जागी ‘ऑटो लँग्वेज’ असा शब्द असतो. तो स्थानधारक आहे, त्या जागी आपली भाषा घालण्याचे काम ते वेबपान करते. क्वेरी थेट एंडपॉइंटवर पाठवली की ते काम कोणीच करत नाही. म्हणून प्रोग्रॅममध्ये भाषांचे संकेत स्वतः लिहावेत. दुसरे कारण नवे आहे. सर्व भाषांना सामाईक असे मूळ लेबल ‘एमयूएल’ या संकेताखाली ठेवण्याची सोय विकिडेटामध्ये आल्यापासून, तेच नाव पुन्हा पुन्हा लिहिलेली इंग्रजी व इतर भाषांतील लेबले काही नोंदींवरून काढली जात आहेत. त्यामुळे केवळ इंग्रजी लेबल मागणाऱ्या जुन्या क्वेरीला तेथे काहीच मिळत नाही. आधी मराठी, मग एमयूएल, शेवटी इंग्रजी असा क्रम दिल्यास अडचण दूर होते. सामाईक लेबल बहुधा रोमन लिपीतच असते, तेव्हा देवनागरी नाव हवे असल्यास त्या नोंदीवर मराठी लेबल असणे आवश्यकच आहे, आणि नसल्यास ते कोणालाही भरता येते.

प्रश्न : प्रोग्रॅममधून क्वेरी पाठवत राहिल्यास थोड्या वेळाने ४२९ हा त्रुटी क्रमांक येऊ लागतो.

उत्तर : आपल्या विनंत्या मर्यादेबाहेर गेल्या आहेत. उत्तरासोबत येणाऱ्या ‘रिट्राय-आफ्टर’ या हेडरमध्ये (विनंती किंवा उत्तराला जोडलेल्या तांत्रिक माहितीच्या ओळीत) किती सेकंद थांबायचे ते दिलेले असते. तेवढे थांबूनच पुढची विनंती पाठवावी. प्रोग्रॅमची ओळख आणि संपर्काचा पत्ता ‘यूझर-एजंट’ हेडरमध्ये अवश्य द्यावा, कारण निनावी प्रोग्रॅमवर बंदी येण्याची शक्यता अधिक असते.