भविष्याचे कप आणि सोडून दिलेलं पेन्शन

लेस्टरहून एका ताईंचं पत्र आहे. वय ३६, पगार वर्षाला ३२,००० पौंड. एका विक्रेत्याकडे भविष्य सांगायचे २४ जुने कप-बश्या आहेत, सगळ्यांचे मिळून २,४०० पौंड मागतोय. "दहा वर्षांत तिप्पट होतील, वर करही नाही," असं त्याने सांगितलंय. घ्यावेत का, हा प्रश्न. आणि जाता जाता एक ओळ: "भारतातल्या गॅरंटीड पॉलिसीचा हप्ता जमावा म्हणून मी ऑफिसच्या पेन्शनमधून बाहेर पडले."

ताई, मला काळजी वाटली ती या ओळीची. पण आधी कप.

कप सुंदर आहेत, यात वाद नाही. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या लॉंग्टन भागात एन्सली या चिनीमातीच्या कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'नेलरोस' कप काढला, आत राशींची चिन्हं. १९३०च्या दशकात पॅरागॉन कंपनीचा आला. न गाळलेला चहा प्यायचा आणि तळाची पानं कुठल्या चित्रावर चिकटली ते पाहून भविष्य सांगायचं. (आपण गाळून पितो, आपल्याकडे पाहायला काही उरतच नाही.) पण ही छापील चित्रांची, कारखान्यातून निघालेली भांडी आहेत. कप खिडकीच्या उजेडात धरा, केसाएवढी चीर दिसते. नखाने टिचकी मारा. बद्द आवाज आला तर भाव निम्म्याच्याही खाली जातो.

आता हिशोब. तुम्ही २,४०० देणार. पुढे लिलावात विकलेत तर लिलावघर साधारण १५ टक्के कापून घेतं, म्हणजे नुसती मुद्दल सुटायला २,८०० च्या पुढे बोली लागायला हवी. दहा वर्षांत तिप्पट म्हणजे वर्षाला साडेअकरा टक्के. हा आकडा विकणाऱ्याच्या तोंडचा आहे, त्याच्यावर विसंबू नका. करमाफीचं म्हणाल तर ६,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही, हे खरं. पण आधी नफा तर व्हायला हवा.

आता पेन्शन. तुमच्या पगारातल्या ६,२४० पौंडांच्या वरच्या रकमेवर, म्हणजे सुमारे २५,८०० वर, किमान ८ टक्के जमा होतात. खिशातून जातात सुमारे १,०३०, कंपनी घालते ७७०, सरकारची करसवलत २६०. म्हणजे १,०३० चे पहिल्याच दिवशी २,०६०! हे तुम्ही दरवर्षी नाकारताय. आणि कशासाठी? १,२०,००० रुपयांच्या, म्हणजे साधारण हजार पौंडांच्या हप्त्यासाठी.

त्या पॉलिसीत १५ वर्षं भरायचे आणि विसाव्या वर्षी ३३ लाख मिळणार. १८ चे ३३, ऐकायला छान वाटतं. मी गणित केलं: परतावा साडेचार-पावणेपाच टक्के. सरकारी बचत योजना असलेलं पीपीएफ ७.१ देतं. शिवाय तुम्ही पौंडात कमावता आणि पैसे मिळणार रुपयात. भारतात ती रक्कम करमुक्त असली, तरी तेव्हाही तुम्ही इंग्लंडात राहत असाल तर नफ्यावर तिथे कर लागू शकतो, आणि हे एजंटाने सांगितलेलं दिसत नाही. परदेशात राहणाऱ्या, घरच्या ओळखीवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाच्या गळ्यात असली पॉलिसी मारतात, याचा मला मनापासून राग येतो.

दोनच हप्ते गेलेत. विमा कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (आज पॉलिसी मोडली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अप व्हॅल्यू (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी मिळणारी रक्कम) लेखी मागवा. बहुधा बरेच पैसे बुडतील. बुडू द्या. ते वाचवायला उरलेले तेरा हप्ते भरत बसू नका. कुणी तुमच्यावर अवलंबून असेल तर विम्यासाठी साधा टर्म प्लॅन घ्या.

सोमवारी एचआरला लेखी कळवा की पेन्शनमध्ये परत यायचंय. बारा महिन्यांत एकदा अशी विनंती केली तर कंपनीला घ्यावंच लागतं. आपोआप परत घेण्याची पाळी साधारण तीन वर्षांनी येते, तोवर थांबू नका.

आणि कप आवडलाच असेल तर चीर नसलेला एक घ्या. डिशवॉशरमध्ये मात्र घालू नका, सोनेरी कड उडते.