कोरिया-अमेरिका धोरण केंद्र चालवायचं आहे? आधी पैशाचा हिशेब समजून घ्या

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी तिथेच जन्मलेली, राज्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कोरियन शिकते आहे. अमेरिका-कोरिया संबंधांवर काम करणारं एखादं स्वतंत्र धोरण केंद्र पुढे आपण चालवायचं, असं तिनं ठरवलं आहे. ‘यात पोट भरतं का? आधी लॉ करून घेऊ दे का?’ असं ते विचारतात.

नमस्कार. पोट भरतं, पण जागा मोजक्या आहेत आणि प्रमुखाच्या खुर्चीपर्यंत सरळ जिना नाही. कॅथलीन स्टीव्हन्स 1975 मध्ये पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवी उपक्रमाच्या स्वयंसेविका म्हणून कोरियात गेल्या, 2008 ते 2011 तिथे राजदूत होत्या आणि नंतर वॉशिंग्टनच्या कोरिया इकॉनॉमिक इन्स्टिट्यूटच्या प्रमुख झाल्या. व्हिक्टर चा प्राध्यापकीतून व्हाइट हाउसच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत गेले, मग वॉशिंग्टनच्या सीएसआयएस या धोरण संस्थेत कोरियाविषयक अध्यासन सांभाळू लागले. स्कॉट स्नायडर तर एशिया फाउंडेशन या अमेरिकी ना-नफा संस्थेचे प्रतिनिधी म्हणून सोलमध्ये राहून आलेले. वाटा तीन, पण कोरियात किंवा कोरियाच्या प्रश्नांत मुरलेली वर्षं तिघांकडेही आहेत.

आता मला कळकळीनं सांगायचं आहे ते. अशा केंद्राच्या प्रमुखाची खरी कसोटी पैशापाशी लागते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 2006 मध्ये यूएस-कोरिया इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिचा बहुतेक खर्च कोरियन सरकारच्या पैशातून, सोलमधल्या एका सरकारी संशोधन संस्थेमार्फत चाले. 2018 मध्ये तो निधी थांबला आणि संस्था बंद पडली. हिशेब पारदर्शक नाहीत, असं कोरियन बाजूचं म्हणणं होतं. संस्थेचे अध्यक्ष रॉबर्ट गॅलुची यांनी मात्र, संचालक बदला म्हणून दबाव आला आणि हा शैक्षणिक स्वातंत्र्यातला हस्तक्षेप आहे, असं जाहीरपणे सांगितलं. उत्तर कोरियावरचा या संस्थेचा ‘38 नॉर्थ’ हा उपक्रम स्टिमसन सेंटर या दुसऱ्या धोरण संस्थेनं सामावून घेतला म्हणून टिकला. बाकीच्यांना नवं काम शोधावं लागलं. अमेरिकी सरकारचा पैसाही बेभरवशाचाच: सरकारी निधी घेणाऱ्या विल्सन सेंटर या वॉशिंग्टनमधल्या धोरण संस्थेचं कामकाज 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशानं जवळजवळ गुंडाळलं गेलं.

म्हणून तिनं आतापासून एक सवय लावून घ्यावी. ज्या केंद्राचा अहवाल वाचेल, त्याचे देणगीदार कोण आणि कुणाचा वाटा किती, हे शोधावं. अमेरिकेतल्या ना-नफा संस्थांचा फॉर्म 990, म्हणजे करखात्याला दिलेलं वार्षिक विवरणपत्र, कुणालाही पाहता येतो. परदेशी सरकार वा संस्थेसाठी अमेरिकेत काम करणाऱ्यांना नोंदणी करायला लावणारा 1938 चा विदेशी एजंट नोंदणी कायदाही तिनं नीट वाचावा. कोरिया इकॉनॉमिक इन्स्टिट्यूट त्याखाली नोंदलेली आहे आणि तसं उघड सांगते. लपवण्यापेक्षा हे कितीतरी बरं, असं माझं ठाम मत आहे.

लॉबद्दल: व्यापार कायद्याची तिला मनापासून ओढ असेल तरच. 2012 पासून लागू असलेला कोरिया-अमेरिका मुक्त व्यापार करार, टॅरिफ (आयात शुल्क), संगणकाच्या चिप्स यांवर तिथे भरपूर काम आहे. निव्वळ ‘हाताशी असावी’ म्हणून एवढं कर्ज काढून पदवी घेऊ नये. त्यापेक्षा दोन वर्षं काम करून मग अर्थशास्त्राची जोड असलेलं आंतरराष्ट्रीय संबंधांतलं एमए करावं. तिच्याकडे अमेरिकी नागरिकत्व आहे. त्यामुळे परराष्ट्र खातं, काँग्रेस सदस्यांची कार्यालयं आणि भाषेसाठी क्रिटिकल लँग्वेज स्कॉलरशिप, हे सगळं तिला खुलं आहे. भारतातून येणाऱ्या मुलांना यातलं बरंचसं मिळत नाही.

शिवाय कोरियाशी आपलं नातंही तिला ठाऊक असू दे. 1953-54 मध्ये, कोरियन युद्धातले, घरी परतायला नकार देणारे युद्धकैदी सांभाळायला जी भारतीय तुकडी कोरियात गेली, तिचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात कोल्हापूरकडचे होते. दोन्ही बाजूंचा अविश्वास झेलत त्यांनी ती जबाबदारी पार पाडली.

या वर्षी तिनं कोरियन वर्तमानपत्रातला अग्रलेख शब्दकोशाशिवाय वाचता येईल इथवर भाषा न्यावी. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची पाचवी पातळी गाठली की इंटर्नशिपचे अर्ज करायला घ्यावेत.